पंडित गेटकीपरचा रिपोर्ट

शिरूर कासारच्या दानम्मा टॉकीजवर पंडित गेटकीपर होता, आणि अठरा वर्षांत त्यानं एकही पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला नव्हता. यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. तिकीट फाडायला दारात उभं राहावं लागतं आणि दारातून पडदा दिसत नाही. आतलं गाणं, आतली मारामारी, आतलं रडणं सगळं पत्र्याच्या भिंतीतून ऐकू यायचं, आणि तेवढ्यावर त्याचं भागायचं.

टॉकीजचे मालक शिवलिंगअप्पा. कापसाची आडत, कपाळाला विभूती, आणि सिनेमाचा मनापासून कंटाळा. वडिलांनी हौसेनं टॉकीज बांधली, आजीचं नाव दिलं, म्हणून चालवायची एवढंच. मग आलेला पिक्चर ठेवायचा की रिळांची पेटी परत पाठवायची हे ठरवायचं कुणी? पंडितनं. दर सोमवारी सकाळी तो आडतीवर जाऊन उभा राहायचा. अप्पा मान वर न करता विचारायचे, काय म्हणतंय पब्लिक. पंडित दोनच उत्तरं द्यायचा, चालला किंवा पडला. याला रिपोर्ट म्हणायचे. अठरा वर्षांत रिपोर्ट एकदाही चुकला नव्हता. पंडितला जगात दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता, आणि खरं सांगायचं तर गर्व करावा असं दुसरं काही त्याच्याकडं नव्हतंही.

तो पब्लिकला कधी विचारायचा नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो, हे त्याचं ठाम मत. पैसे मोजलेला माणूस आपण फसलो असं सांगत नाही, आणि शहाणा दिसायचं असलेला माणूस चांगलं म्हणत नाही. म्हणून पंडित नुसता बघायचा. पब्लिक बडबडत, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत बाहेर आलं आणि चहाच्या गाड्यावर रेंगाळलं की चालला. मान खाली घालून, गप, सायकलची किल्ली चाचपत गेलं की पडला. गप पब्लिक म्हणजे मेलेलं पब्लिक. एवढी त्याची विद्या.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. गावात केबल आली होती. चाळीस घरांवरून काळी वायर गेली आणि ती चाळीस घरं टॉकीजचा रस्ता विसरली. अप्पांनी दिवाळीआधीच सांगून टाकलं होतं की आणखी एक पिक्चर पडला की कुलूप, मग तिथं सरकीचं गोडाऊन. आणि अशात आलं काय, तर कार्टून. मागवला होता मारामारीचा पिक्चर. त्याची पेटी दुसरीकडं अडकली म्हणून डिस्ट्रिब्युटरनं ही पाठवली, वरून सोबत निरोप, फॅमिलीसाठी फार चांगला आहे. पंडितनं कपाळाला हात लावला.

शुक्रवारी पहिल्या खेळाला मोठी माणसं आली, आणि न विचारता मतं देऊन गेली. सुंदरराव मास्तर म्हणाले की मुलांसाठी उत्तम आहे. स्वतःची मुलं त्यांनी आणली नव्हती. बद्रीनाथ टेलरचं म्हणणं, पिक्चरभर कुणाच्या अंगावर कपडाच नाही, तर मी बोलू काय. एका म्हाताऱ्यानं पाखरं फार मेहनतीनं शिकवलेली दिसतात अशी तारीफ केली. कॉलेजच्या पोरांनी यात हिरो कुठाय बे, असं पंडितलाच दटावून विचारलं, जसं काही त्यानंच लपवून ठेवला होता. तिकिटाचे पैसे मात्र सगळ्यांना आठवत होते. तरी बोलत होते, म्हणून पंडितनं आशा सोडली नाही.

शनिवार-रविवारी तीनच्या खेळाला वेगळंच पब्लिक आलं. खेड्यांतल्या म्हाताऱ्या, आणि त्यांच्या पदराला धरून पोरं. कुणाच्या दोन, कुणाच्या चार. अडीच तास पंडित दारात कान देऊन उभा राहिला. शिट्टी नाही, टाळी नाही, खिदळणं नाही. पोरांचा पिक्चर आणि पोरांचा आवाज नाही, म्हणजे कमाल झाली. बाहेर आली तीही तशीच, गप. चहाच्या गाड्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात ऊसतोडीचे ट्रक गेले होते. पण ते तर दरवर्षीच जातात. दिवाळी झाली की भांडीकुंडी, कोयते, गोधड्या ट्रकवर चढतात, वर माणसं चढतात आणि निम्मी गावं सहा महिने बंद होतात. शिरूरच्या माणसानं त्यात नव्यानं बघायचं काय? पंडितनंही बघितलं नाही.

सोमवारी त्यानं आडतीवर जाऊन रिपोर्ट दिला, पडला. अप्पा बरं म्हणाले. उद्या पेटी गाडीला लाव, परवापासून साफसफाई. पंडित मान हलवून बाहेर आला. आपल्याच पोटावर आपण पाय दिला हे त्याला कळत होतं. खोटा रिपोर्ट दिला असता तर आठवडा निघाला असता. पण मग अठरा वर्षांचं राहिलं काय असतं? जिवावर आलं होतं, तरी तो खरं बोलला. निदान त्याला तसं वाटत होतं.

मंगळवारी दुपारी सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधून तो एसटी स्टँडवर गेला. बीडची गाडी लागायची होती. तेवढ्यात खेड्याकडची गाडी आली आणि तीतून तीन नातवंडं घेऊन म्हातारी सुभद्राबाई उतरली. पंडितनं तिला ओळखलं. शनिवारी आली होती, रविवारी आली होती, सोमवारीही आली होती. तिनंही त्याला ओळखलं आणि तीनचा खेळ वेळेवर आहे ना, असं विचारलं.

पिक्चर उतरवला, पंडित म्हणाला. पेटी परत चालली.

सुभद्राबाई पेटीकडं बघत राहिली. तीन पोरंही पेटीकडं बघत राहिली, मधली मंगल तर हात लावून बघत होती. पंडितला उगाच अपराध्यासारखं झालं, म्हणून तो समजावणीच्या सुरात बोलला, "मावशी, पोरांना कुटं आवडला? गपगुमान बसलीती सगळी."

"गप बसत्यात म्हनून तर आनते, भाऊ," सुभद्राबाई म्हणाली. "ह्यांचे मायबाप गेलेत तोडीला. घरी दिसरात रडत्यात. हितं अडीच तास रडत न्हाईत."

बीडची गाडी लागली. कंडक्टरनं पेटी चढवायची का म्हणून दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा शिवी दिली आणि घंटी मारली. गाडी गेली. पेटी कॅरिअरवरच होती.

टॉकीजवर मशीन चालवणारा तात्याबा पडद्याखालची धूळ झाडत होता. पंडितनं पेटी त्याच्यापुढं ठेवली आणि लाव म्हणाला. अप्पांचं काय, असं तात्याबानं विचारलं. अप्पांचं मी बघतो, पंडित म्हणाला. अठरा वर्षांत असं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. तात्याबानं घाईनं रीळ चढवलं, हा परत शुद्धीवर यायच्या आत.

तीनच्या खेळाला सतरा डोकी होती. सगळी आत गेल्यावर पंडितनं दार लोटलं आणि स्वतःही आत जाऊन बाकावर बसला.

करकोच्यांचा थवा होता. थंडी आली, थवा निघाला. एका पिल्लाचा पंख दुखावलेला, त्याला उडता येईना. आईनं त्याला एका म्हाताऱ्या कासवीपाशी ठेवलं आणि ती गेली. मागे वळून बघत बघत गेली. मग बर्फ, वारा, आणि रोज आभाळाकडं बघणारं पिल्लू. पंडितच्या पुढच्या बाकांवर सतरातली तेरा पोरं होती आणि एकही हलत नव्हतं.

पंडित सहा वर्षांचा असताना त्याचे मायबाप तोडीला गेले होते. तेव्हा ट्रक नव्हते, बैलगाड्या जायच्या. गाडी वळणाआड होईपर्यंत त्याची आई मागे तोंड करून बसलेली होती. हे त्याला बत्तीस वर्षं आठवलं नव्हतं. आता आठवलं, आणि तो रडला. गेटकीपरनं आत बसून रडणं बरं दिसत नाही हे त्याला माहीत होतं, पण अंधार होता, आणि रडू काही विचारून येत नाही.

खेळ सुटला तेव्हा बाहेर अप्पा उभे होते. पत्र्यातून आवाज ऐकून कुणीतरी आडतीवर वर्दी दिली असणार. पोरं अप्पांच्या दोन्ही बाजूंनी गप निघून गेली. शेवटी पंडित बाहेर आला. अप्पांनी त्याचे डोळे बघितले आणि कधी नव्हे ते पंडितलाच विचारलं, "तुला कसा वाटला बे?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी केलेला नव्हता.

"सगळं खरं हाय, अप्पा. फकस्त शेवट खोटा हाय. आई परत येती अन् पिल्लू पळत जाऊन तिला बिलगतंय. तसं होत न्हाई."

"मग कसं होतंय?"

"सहा म्हैन्यानं आई वळखूच येत न्हाई. काळी पडलेली, वाळलेली. माझी आई आलती तवा मी आजीच्या मागं लपलो. ती गुळाचा खडा हातावर घिऊन उभी होती. मी दिस मावळंपस्तोर गेलो न्हाई तिच्याकडं."

अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग ते म्हणाले, "शेवट खोटा हाय म्हनतोस, मग पेटी गाडीला लावायची का उद्या?"

"नगं. राहू द्या," पंडित म्हणाला. "पळायचं कसं ते पोरांना दिसू द्या."

अप्पा काही न बोलता आडतीकडं गेले. पंडितनं त्या गप बसण्याचा काहीच अर्थ काढला नाही. ती विद्या त्यानं त्या दिवसापुरती बाजूला ठेवली होती. दुसऱ्या दिवशी साफसफाईला माणसं आली नाहीत. पेटी आणखी दोन आठवडे राहिली, आणि अप्पांनी त्या वर्षी सरकी दुसरीकडं ठेवली.

पुढं चैत्रात ट्रक परत यायला लागले. सुभद्राबाईच्या गावचा ट्रक येणार होता त्या दिवशी पंडित काही काम नसताना सायकल मारत तिथवर गेला आणि लिंबाखाली उभा राहिला. ट्रक थांबला. डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई उतरली, काळी पडलेली, वाळलेली. तीन पोरांतली दोन सुभद्राबाईच्या मागे लपली. मधली मंगल पळाली.

पंडित तसाच आडतीवर आला. सोमवार नव्हता, टॉकीजला तेव्हा भलताच पिक्चर चालू होता, आणि अप्पांनी विचारलंही नव्हतं.

"अप्पा, पाखरांचा रिपोर्ट," तो म्हणाला. "चालला."