फुंकणीच्या घरातला फवारा

मी, शामराव दत्तोबा माने, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार हुपरी, धंदा चांदीचे पैंजण घडविणे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, डॉक्टर सदाशिवराव यांच्या पंचाहत्तरीनिमित्त माझ्या माहितीतले तेवढेच लिहितो. स्तुती करण्याची मला सवय नाही.

त्यांची ओळख माझी नात गौरी हिच्या आजारपणात झाली. तिच्या खोकल्यातून रक्त पडे. क्षयाची औषधे झाली, गुण आला नाही. कोल्हापुरात याच डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले की, हा क्षय नव्हे; फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, आणि असा आजार फार थोड्यांना होतो. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी रक्त थांबले, परंतु मुलीचा चेहरा सुजला, वाढ खुंटली. तेव्हा गोळ्या हळूहळू कमी करून त्याच जातीचे औषध फवाऱ्याच्या पंपाने श्वासावाटे देण्याचे त्यांनी ठरविले. डॉक्टर मूळचे आजऱ्याचे, आमच्याच बोलीत म्हणाले, "समद्यांस्नी पुरतंच असं न्हाय. हिला पुरतंय का बघू."

पुढे पुन्हा रक्त आले. माझे चिरंजीव दिलीप म्हणाले, "साहेब, गोळ्याच बऱ्या हुत्या की."

डॉक्टर रागावले नाहीत. गौरीस म्हणाले, "कसं घेतीस, दाव बघू."

तिने पंप तोंडास लावला, गाल फुगविले आणि जोराने फुंकर मारली. दवाखान्यात रीत शिकविली होती. पण आमच्या घरी चांदीच्या जोडकामाची फुंकणी सगळे अशीच फुंकतात, त्यामुळे कोणासही वावगे वाटले नव्हते.

"अगं, आज्जाची फुंकणी न्हवं ही," डॉक्टर हसले. "आत वढायचं."

पुढच्या रविवारी ते स्वतः हुपरीस आले. माजघरातली भट्टी पाहून म्हणाले, "ह्यो धूर पोरीच्या छातीत जातोय. भट्टी भाईर काढा."

मी म्हणालो, "चार पिढ्यांची भट्टी हाय, साहेब."

"आणि नात?"

त्याच आठवड्यात मी परसात शेड उभी करून भट्टी तेथे हलविली.

आज गोळ्या सुटल्या आहेत. फवारा व तपासण्या चालू आहेत. रक्त पुन्हा आलेले नाही.

डॉक्टरांस निरोगी दीर्घायुष्य लाभावे. अजून पुष्कळ लेकरांना "दाव बघू" म्हणणारे कोणी हवे आहे.

मजकूर वाचतेवेळी हजर साक्षीदार: पत्नी सौ. अनुसया, चिरंजीव दिलीप, नात कु. गौरी. मजकूर गौरीनेच पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मध्ये कोठेही खोकली नाही.