समुद्राला बोललेला नवस

आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही दोघांनी तिकडून जी भेट पाठवलीत, तिचा एक फोटो तुमच्यापर्यंत पोहोचला आहे. त्यात बाबा कमरेला पट्टा बांधून उभे आहेत आणि डोक्यावर भलामोठा पतंग आहे. फोटो खरा आहे. फक्त डावीकडे गॅसची शेगडी होती, ती कापली आहे. फोनवर प्रत्येकाने आपापली हकीकत सांगितली असेल, म्हणून मी, तुमची आजी, क्रमाने लिहिते.

भेट दोघांसाठी होती. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात शनिवार-रविवार राहायचं आणि काइटसर्फिंग शिकायचं. म्हणजे वाऱ्यावर पतंग चढवायचा, तो कमरेला अडकवायचा आणि त्याने ओढलं की फळीवर उभं राहून पाण्यावरून धावायचं. शिरूरमध्ये ‘दोघांसाठी’ म्हणजे किती माणसं, हे तुम्ही परदेशात राहून विसरलात. बाबांनी भांडगावला आत्याला फोनवर सहज सांगितलं. आत्या माझीच मुलगी, पण इतकी वर्षं तिकडे नांदून बोलणंही तिकडचंच झालेलं. ती म्हणाली, “मग आपण कवा निघायचं?” येऊ का, असं विचारायची आपल्यात पद्धत नाही; त्यात परकेपणा दिसतो. आत्या येणार म्हणून आतोबा आले. मला एकटीला घरी कसं ठेवायचं, म्हणून मी आले. एवढ्या माणसांना मोठी गाडी हवी, म्हणून आतोबांचे दोस्त, यवतचे चाचा, आपली गाडी घेऊन आले. बाहेरचं तेल बाधतं, म्हणून शेगडी, ज्वारीचं पीठ आणि काळ्या मसाल्याची बरणी आली. आणि शेगडी आली म्हटल्यावर तिच्यासमोर बसायला तुमची आई आलीच.

तुमच्या आईबद्दल एक गोष्ट तुम्हाला बहुधा माहीत नाही. दौंडला माहेरी असताना ती भीमेत पोहायची. आपल्याकडे आल्यावर कोणी तिला पोहू नको म्हटलं नाही. तिला पोहता येतं का, हेही कोणी विचारलं नाही. तुमची भेट आल्यापासून भांडी आवरली की ती फोनवर काइटसर्फिंगचे व्हिडिओ बघत बसायची, आवाज बंद करून. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मागवून तिने साड्यांखाली ठेवला होता. निघायच्या आदल्या दिवशी तो मला दाखवून म्हणाली, “आई, ह्या वयात जमेल ना मला?”

मी म्हटलं, मापात बसतोय ना, मग जमेल.

शिकवणाऱ्या बाई मूळच्या मंगळूरच्या, उन्हाने रापलेल्या, इंग्रजीतच बोलणाऱ्या. दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं, माझी बी. ए. अखेर वाळूत कामी आली. बाई म्हणाल्या की इथे सकाळी वारा नुसता नावाला असतो, खरा वारा जेवणाच्या वेळेला सुटतो. मी हे सर्वांना नीट समजावून सांगितलं. सर्वांनी माना डोलावल्या. जेवणाची वेळ बदलावी, असं मात्र कोणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

शनिवारी वारा सुटला तेव्हा आई भाकरी थापत होती. बाबा पतंग घेऊन वाळूवर उतरले. पतंगाने त्यांना एका खानावळीच्या टेबलापर्यंत फरफटत नेलं. परत आल्यावर ते म्हणाले की मूळ तत्त्व लक्षात आलंय. आई म्हणाली, मी उद्या जाईन. आभाळाकडे बघण्यात तिच्या भाकऱ्या करपल्या होत्या. समुद्राची हवा तव्याला मानवत नाही, असं निदान आतोबांनी केलं.

रविवारी सकाळी बाईंनी मला बाजूला घेतलं. आज शेवटचा दिवस. सकाळच्या मंद वाऱ्यात तुमची आई वाळूवर पतंग सांभाळायला शिकली नाही, तर दुपारी मी तिला पाण्यात सोडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे आईला आख्खा दिवस हवा होता.

नेमक्या त्याच वेळी आत्या आणि चाचा बाजारातून सुरमई घेऊन आले. तीही आख्खी.

“वहिनी, ही तूच कर,” आत्या म्हणाली. “तू दौंडची, नदीकाठची. आम्हाला मासळीतलं काय कळतंय.”

आई पोशाख घालून, वर ओढणी गुंडाळून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ओढणी खोचली आणि विळी शोधायला लागली. मग मी ते केलं, ज्याला आयुष्यभर नाक मुरडत आले.

“तिला विस्तवाला हात लावता येणार नाही,” मी म्हटलं. “दिवस मावळेपर्यंत. मी नवस बोललेय.”

आत्या बघतच राहिली. “तू? नवस?”

“वय झालं आता.”

“कुणाला बोललीस?”

“समुद्राला.”

“आन् कशासाठी?”

“ते सांगितलं तर फळत नाही.”

नवसाचे सगळे नियम मी आत्याकडूनच ऐकलेले होते. तिने एवढंच विचारलं, “मग ह्या मासळीचं काय?”

“मासळीबद्दल मी समुद्राशी काही बोलले नाही.”

चाचा हसले आणि मासा साफ करून द्यायला बसले. आत्याने शेगडी पुढे ओढली. आई अजून तिथेच उभी होती. तू जा, असं मी तिला इंग्रजीत सांगितलं, म्हणजे बाकीच्यांनी त्यात पडायला नको. ती गेली.

फळीवर उभं राहणं पुढच्या धड्यात असतं, तेव्हा व्हिडिओतल्यासारखं काही झालं नाही. दुपारपर्यंत ती वाळूवर पडली, उठली, दोऱ्यांत गुरफटली. बाबा काठावरून तिला मूळ तत्त्व समजावत होते. वारा जोरात आल्यावर बाई तिला कमरेइतक्या पाण्यात घेऊन गेल्या. पतंग खाली झेपावला आणि तुमची आई पोटावर पडून, फेस उडवत, किनाऱ्याला समांतर अशी काही निघाली की आतोबांनी हातातली तपकीर तशीच धरून ठेवली. ओरडत होती की हसत होती, ते वाऱ्यामुळे कळत नव्हतं.

मासळी झाली. बाबांनी पाण्याकडे तोंड करून हाका मारल्या, हात हलवले, शेवटी ताट उंच धरून दाखवलं. ती थांबली. केस मागे सारून तिने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे रिकामी ताटं घेऊन ओळीने बसलो होतो. तिने एक हात वर केला आणि पतंग दुसऱ्या बाजूला वळवला.

“येत न्हाई व्हय ती?” आत्या म्हणाली.

“नाही,” मी म्हटलं. “वाढ तू.”

आत्याने वाढलं. समुद्राकडे तोंड करून आम्ही जेवलो. मासळीत मीठ नव्हतं. तरी सगळ्यांनी ताटं पुसून खाल्ली.