मले अजून येत नाही

माझ्या नणंदेचं कौतुक करायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. मी लग्न होऊन एकोडीला आले तेव्हा चंद्रकांता नागपूरला डॉक्टरकी शिकत होती. सुट्टीत घरी यायची, पण चुलीपुढे दिसेल तर शपथ. गावभर फिरून कावीळ झालेल्यांच्या दंडात सुई टोचायची आणि रक्त घेऊन जायची. माझे सासरे श्यामराव, त्यांना मी मामाजी म्हणते, ते हसून विचारायचे, "पोरगी घरी येऊन राहिली का मच्छर?"

चौऱ्याहत्तर साली ती डॉक्टर झाली. आता साकोलीत दवाखाना टाकेल, चार पैसे मिळवेल, आमचीही ऐट वाढेल, असं सगळ्यांना वाटलं. बाई गेली मुंबईला, यकृताचे रोग शिकायला! तिथून नागपूरला परतली ती संशोधनातच रुतली. लग्नाचं विचारायची सोय नव्हती. आमच्याकडे काविळीवर औषधी मुळ्यांची माळ घालतात. माळ लांबत पोटावर आली की कावीळ उतरली म्हणायचं. मला वाटलं, एवढी शिकलेली बाई माळेला हसेल. पण ती म्हणाली, "ज्याची कावीळ आपसूक उतरते, त्याले माळ चालते, वैनी. ज्याची उतरतच नाही त्याचं काय, ते पाहून राहिली मी."

ऐंशीच्या सुमारास तिनं आणि तिथल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी एका कुत्र्याचं यकृत दुसऱ्याला बसवून पाहायला सुरुवात केली. मी विचारलं, "मंग तो कुत्रा जगते?"

"एखादा. थोडे दिवस."

"मंग कायले करता?"

"धानाची रोवणी का कोणी आईच्या पोटातून शिकून येते?" असं म्हणून तिनं माझं तोंड बंद केलं. तोंड बंद करण्यात ती पहिल्यापासून हुशार.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. रात्रीच्या दंडारीच्या खेळाआधी मामाजींच्या गळ्यात हार पडला, हातात माईक आला, आणि मग काय विचारता! "माही चंद्रकांता लिवर बदलवते! खराब काढते, चांगलं बसवते!" कुत्र्यांचं नाव त्यांनी घेतलंच नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

त्या गर्दीत शेजारच्या टोलीवरच्या वस्तीतला मंगरू बसला होता. त्याचा एकुलता एक पोरगा ईश्वर, विशीतला, वर्षभर खाटेवर होता. डोळे पिवळे, हातपाय काड्या आणि पोट पाण्यानं तटतटलेलं. लाखनी झाली, साकोली झाली, सगळ्यांनी धड काही न सांगता घरी न्या म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं चंद्रकांता घरी आली. तिचा चहा संपतो न संपतो तोच मंगरूची बैलांची रेंगी दारात उभी राहिली. आत धानाच्या तणसावर ईश्वर पडलेला, त्याचं डोकं आईच्या, कुंताबाईच्या मांडीवर. मंगरूनं अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं.

"आपरेशनले उपाशीपोटी लागते म्हणतात," तो म्हणाला. "म्या पाणीबी नाही पेलो. माहं काढा बाई, आन याले बसवा."

आमच्या कोणाच्या काही ध्यानात येईना. चंद्रकांताला मात्र चटकन समजलं. "मामा, तुमचं पुरं काढलं तं तुमी जगणार नाही."

"ते मालूम आहे न. धान कुंता कापून घेईल."

एव्हाना अंगण माणसांनी भरलं होतं. मामाजी ओट्यावर उभे होते. ते लेकीच्या कानाशी लागून म्हणाले, "बाई, इज्जतीचा सवाल आहे. आता घेऊन जाय नागपूरले. पुढचं पुढं पाहू."

ते सोपं होतं. नागपूरला नेऊन चार दिवसांनी नाही म्हटलं असतं तर गावात कोणाला कळलं असतं? मामाजींचा शब्द राहिला असता, हिचं नाव राहिलं असतं. पण ती ओट्यावरून उतरली, मंगरूपुढे उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मले अजून येत नाही, मामा. आमी कुत्र्यांवर करून पाह्यलं, बहुतेक मेले. आपल्या देशात अजून कोणालेच येत नाही. म्या बाबाले नीट समजावून नसन सांगतलं."

मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. मामाजी आत निघून गेले. माझ्या मनात आलं, एवढा मोठा नकार एवढ्या सरळ तोंडानं द्यायला किती छाती लागत असेल. मी मंगरूसाठी ताट वाढलं.

तो जेवत असताना ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. ईश्वरच्या पोटातलं पाणी काढता येईल, मीठ बंद, औषधं चालू, असं सगळं सांगितलं. "यानं दिवस वाढतील. बरा होणार नाही," हेही सांगितलं. मग दर महिन्याला ती नागपूरहून भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात ईश्वरसाठी यायची. पुढच्या रोवणीला ईश्वर धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर बसून बायांची थट्टा करताना मी स्वतः पाहिला.

मामाजी मात्र लेकीशी बोलेनासे झाले. भर अंगणात पाणउतारा केला म्हणायचे.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात ईश्वर भंडाऱ्याच्या दवाखान्यातच गेला. आम्ही सगळे तिथे होतो, मामाजीसुद्धा. चंद्रकांता व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. रोगानं यकृताचं काय केलं, ते मेलेल्या माणसाचं उघडून पाहिल्याशिवाय पुरतं कळत नाही. त्यासाठी तिनं वर्षानुवर्षं लोकांच्या विनवण्या केल्या होत्या. लोक शिव्या द्यायचे.

"मांग ना," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं, वैनी?"

तेवढ्यात मंगरूच तिच्याकडे आला. "बाई, तुमाले मेल्यावर आतून पाहाले लागते म्हणतात. याचं पाहा."

कुंताबाईच्या भावानं, नत्थूनं, त्याचा हात धरला. "येडे झाले का, भाऊजी? जिनं हात वर केले, तिलेच पोरगा फाडाले देता?"

मंगरूनं हात सोडवून घेतला. "हे हो म्हणली असती, तं त्या दिशी आमी बाप-लेक दोघंबी गेलो असतो. एवढे डाक्टर केले, माह्या तोंडावर खरं बोलणारी हेच एक भेटली. द्याचा तं हिच्याच हाती देईन."

कुंताबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि होकाराची मान हलवली.

नत्थू बाजूला सरकला. चंद्रकांता वाकून मंगरूच्या पाया पडली. आमच्या घरातली ही ताठ मानेची पोरगी देवापुढेसुद्धा मी फारशी वाकलेली पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि ऊरही.

मामाजी बाकावरून उठले. दीड वर्षात पहिल्यांदा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाय बाई. घाई नोको करू. नीट पाह्य."

ती आत गेली. दार लागलं. मामाजी तिथेच उभे राहिले, आणि व्हरांड्यातल्या अनोळखी माणसांकडे वळून, कोणी काही विचारलं नसताना म्हणाले, "माही पोरगी आहे."