क्लारामावशी आणि बावखलाचं पाणी

नारू काढण्यात क्लारामावशीचा हात धरणारं कुणी आमच्या पंचक्रोशीत नव्हतं. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर ती स्वतःच सांगायची. ती माझ्या आईची धाकटी बहीण. काळीसावळी, ठेंगणी, लाल चौकटीचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि आवाज असा की वाडीच्या या टोकाला ती बोलली तर त्या टोकाचा रहाटाचा बैल थांबायचा. मी तेव्हा गावच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते आणि मावशीच्या शेजारीच राहत होते. तिचा धाक मला होता, आणि तिचा अभिमानही होता. दोन्ही अजून आहेत.

आजच्या पोरांना नारू म्हणजे काय हे सांगावं लागतं, आणि ते सांगावं लागतं यातच मावशीचं सगळं कर्तृत्व आलं. नारू म्हणजे शेवईसारखा पांढरा, हात-दीड हात लांबीचा जंत. पाण्यातून पोटात जातो आणि तिथून मांसात शिरून वर्षभर घरजावयासारखा राहतो. ताप नाही, दुखणं नाही, ज्याच्या अंगात आहे त्याला पत्ताही नाही. वर्ष भरलं की पायाला फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, आणि फोड फुटून जंताचं टोक बाहेर डोकावतं. ओढायला गेलात तर तुटतो. तुटला की आतला तुकडा कुजतो, पाय सुजतो, आणि कित्येकांचा गुडघा कायमचा आखडतो.

मावशीचं कौशल्य न तोडण्यात होतं. माडाच्या झापाचा हीर, म्हणजे पातीमधली ताठ काडी, घ्यायचा, त्याला नारूचं टोक गुंडाळायचं आणि रोज बोटभर, फार तर दोन बोटं, बाहेर काढायचा. पंधरा दिवस, कधी महिना. तिच्या हातून तीस वर्षांत एकही तुटला नाही. आणि ती पै घ्यायची नाही, फक्त उपकार आठवणीत ठेवायला लावायची.

थंड पाण्यात नारू ढिला पडतो, हे तिला कुणातरी म्हातारीनं शिकवलेलं. म्हणून ती माणसाला बावखलाच्या पायरीवर बसवायची. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं तळं. पावसाळ्यात काठोकाठ भरतं, मे महिन्यात पायऱ्या उघड्या पडतात. पाय पाण्यात सोडला की आग थांबायची, माणूस हुश्श करायचा, आणि फोडातून दुधासारखं पांढरं काहीतरी पाण्यात उतरायचं. मावशी म्हणायची, "बघ, विष उतरला!" आणि बघणारे माना डोलवायचे. मीही डोलवली आहे.

उन्हाळ्यात आमच्या आळीच्या विहिरी मचूळ व्हायच्या, तेव्हा सगळी आळी बावखलाचंच पाणी प्यायची. ते गोड होतं. मावशीच्या परड्यातली विहीर मात्र बारा महिने गोड, कठडा बांधलेली. तिच्या घरात कधी कुणाला नारू झाला नाही. ती म्हणायची, "नारू मना घाबरतो." आम्हीही तसंच समजत होतो. मास्तरीण असून माझ्याही डोक्यात विहिरीचा विचार आला नाही, हे सांगायला मला आज लाज वाटते.

एकोणीसशे पन्नासच्या मे महिन्यात तिच्या एकुलत्या एक लेकीचं, व्हेरोनिकाचं लग्न झालं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँडबाजासह बायका लग्नविधीसाठी उंबराचं पाणी आणायला जातात. आमच्या आळीत ते बावखलातून आणायचे, आणि नवरीच्या आईनं आपल्या हातानं घरच्या सगळ्यांना त्याचा एकेक घोट द्यायचा. आई देते, स्वतः पीत नाही. ते पाणी गाळायचंही नाही, गाळणं म्हणजे देवाच्या पाण्यावर संशय घेणं. त्या दिवशी मावशीनं एकेकाच्या ओंजळीत पाणी घातलं आणि व्हेरोनिकाला सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त. महिनाभर आधी त्याच पायरीवर सात जणांचे पाय सोडलेले होते.

पुढच्या वर्षी मे उजाडला आणि आळी लंगडायला लागली. एकोणीस जण. सगळे लग्नघरचे नव्हेत, पण लग्नघरचा जवळजवळ कुणी सुटला नव्हता. मावशीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तेवढ्यात व्हेरोनिकाच्या सासरहून निरोप आला. तिच्याही गुडघ्याजवळ नारू फुटला होता आणि सासूनं घाईनं ओढला. तुटला. मावशी धावत गेली, पण तुटलेल्या नारूपुढं तिचाही हात चालत नव्हता. दोन महिन्यांनी व्हेरोनिका उठली ती उजवा गुडघा न वाकवता.

त्याच मे महिन्यात, व्हेरोनिका अंथरुणावर असतानाच, दवाखान्याचे नवे डॉक्टर गावात आले. शरदचंद्र राऊत. आगाशीकडच्या बागायतदाराचा मुलगा, चष्मा, पांढरी पँट, आणि माणसाशी बोलताना आधी ऐकून घ्यायची सवय. त्यांनी तीन रोग्यांना मुंबईहून आणलेल्या नव्या गोळ्या दिल्या. नारू मेला नाही, हललाही नाही. मावशीनं जाहीर केलं, "डॉक्टरच्या गोल्या नारूनं खाल्ल्या आनि ढेकर दिला." सगळे हसले. डॉक्टरही हसले, हे मला आवडलं.

ते म्हणाले, "मावशी, खरं सांगतो. आत शिरलेल्या नारूवर जगात कुणाकडे औषध नाही. हिंग-गुळापासून पाऱ्याच्या इंजेक्शनापर्यंत सगळं करून झालंय. तुमचा हीर हाच अजून सगळ्यांत चांगला उपाय. पण शिरण्याच्या आधी त्याला अडवता येतं."

मग त्यांनी बावखलातून काचेचा पेला भरला आणि उन्हात धरला. पाण्यात खसखशीहून बारीक पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. डॉक्टर म्हणाले, "हे पाण्यातले किडे. फोडातून जे दूध उतरतं ना, ती नारूची पिल्लं. हे किडे ती खातात, आपण हे किडे पितो. वर्षानं नारू." पायरीवर तेव्हा मावशीचे चार रोगी पाय सोडून बसले होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

मावशी कमरेवर हात ठेवून पुढं आली. "म्हंजे नारू मी पसरवते?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटला नाय, पन बघितला." तिनं त्यांच्या हातातला पेला ओढून घेतला आणि सगळ्या आळीसमोर एका दमात रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. "घ्या. आता तुमी प्या बघू."

डॉक्टर प्यायले नाहीत. आळीनं टाळ्या पिटल्या. डॉक्टर पेला पुसत म्हणाले, "मावशी, पुढच्या मे महिन्यात भेटू." ते रागानं म्हणाले नव्हते, पण मला त्या क्षणी त्यांचा राग आला.

ते वर्ष मावशी वरवर होती तशीच होती. आतून मात्र काहीतरी कुरतडत होतं. एकदा तांदूळ निवडता निवडता तिनं मला विचारलं, "मार्गारेट, व्हेरोनिकानं बावखलाचा पानी कधी पिला गं?" मी आठवून पाहिलं. लहानपणापासून घरच्या विहिरीचं. सासरीही विहीर. "एकदाच," मी म्हटलं, "उंबराच्या पाण्याच्या दिवशी." मावशीनं सूप खाली ठेवलं आणि उरलेले तांदूळ त्या दिवशी मी निवडले.

बावन्नच्या मे महिन्यात तिच्या डाव्या घोट्यावर फोड आला. मी सकाळी गेले तर ती ओट्यावर पाय लांब करून बसली होती. ओठ चावून चावून रक्त आलेलं. बावखल तिच्या दारातून पन्नास पावलं. नुसता पाय बुडवला असता तर आग विझली असती. तिनं दोन दिवस बुडवला नव्हता.

"आला," ती म्हणाली. "बरोबर वर्सानं आला. शब्दाचा पक्का हाय, मेला."

मी म्हटलं, "घरातच बसून काढू. कुणाला कळायचं नाही. तीस वर्षांचं नाव आहे तुझं."

"आनि बावखल?" ती म्हणाली. "डॉक्टरचा कोन ऐकतो? माझा ऐकतील." मग तिचा आवाज फुटला. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "पन व्हेरोनिकाला कळेल, मार्गारेट. तिचा पाय मी मोडला. माझ्या हातानं पाजला तिला." ती हमसून हमसून रडली. मीही रडले.

रविवारी मिस्सा संपली. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. देवळाबाहेरच्या रेतीत मावशीनं खुर्ची मांडायला लावली, समोर पितळेची परात. लोक थबकले. मी फोडावर थंड पाणी ओतलं. फोड फुटला, आणि परातीतलं पाणी दुधाळ झालं.

"बघा," मावशी म्हणाली, त्याच बैल थांबवणाऱ्या आवाजात. "गेल्या वर्सी तुमच्या समोर पेला पिला ना, त्याचा हा नारू. आनि हा विष. हाच मी तीस वर्सा तुमच्या पिन्याच्या पान्यात धुतला. डॉक्टर खरा बोलत होता. मी उगाच तोंड वाजवला."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "म्हंजे माझ्या पोराचा पाय तुझ्यामुळं गेला?"

"हां. माझ्यामुळं. माझ्या पोरीचाबी माझ्यामुळंच."

मावशीनं परात उचलून तापलेल्या रेतीत ओतली. ओल बघता बघता नाहीशी झाली. "आजपासून नारू हितं काढायचा, रेतीत. फोडवाला बावखलात उतरला तर तंगडी मोडेन. आनि पानी चार पदरी फडक्यातून गालल्याशिवाय कोनी पियाचा नाय, उंबराचा पानीपन नाय. फादरला विचारला मी. देवाचा काय म्हनना नाय." फादर मागे दारात उभे होते, त्यांनी मान हलवली. त्यांना तिनं खरंच विचारलं होतं की नाही, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं. "पुढच्या वर्सीबी चार-पाच निघतील. ते आजच्या आधी पिलेल्या पान्याचे. तवा ओरडत येऊ नका. त्याच्या पुढच्या वर्सी बघा."

स्वतःचा नारू तिनं स्वतःच काढला. अठरा दिवस, त्याच खुर्चीवर, रोज बोटभर. तुटला नाही. नंतर ती खुर्ची बावखलाच्या काठावर गेली, आणि सबंध उन्हाळा मावशी तिथं पहारा देत बसायची. तिला चुकवून पाण्यात पाय घालणं कुणाला जमलं नाही. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, बावखलाचा पेला उन्हात धरायचे, आणि मग दोघं खोटंखोटं भांडायचे. त्रेपन्नात चार जण निघाले. एकही जास्त नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुमचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का." ती म्हणाली, "मग? मी नारूच्या घरची हाय."

फक्त व्हेरोनिका आली नाही. देवळासमोरचं सगळं तिच्या कानावर गेलं होतं. दोन वर्षं तिचा ना निरोप, ना येणं. मावशी म्हणायची, "बरोबरच हाय तिचा," आणि दुसऱ्या विषयाकडे वळायची.

चोपन्नच्या मे महिन्यात कुणालाही नारू फुटला नाही. महिना संपत आला असताना एका दुपारी व्हेरोनिका दारात उभी राहिली. उजवा पाय ताठ, कडेवर दोन वर्षांची मुलगी. जेवायला घरी आलेली मावशी ओट्यावरून उठली आणि तिथंच उभी राहिली.

"आय, तान लागलीय पोरीला," व्हेरोनिका म्हणाली.

मावशी परड्यातल्या विहिरीकडे निघाली.

"त्या विहिरीचा नको. बावखलातला दे."

मावशीनं घागर भरून आणली. फडकं चार पदरी घातलं, पाणी गाळलं, पुन्हा गाळलं, तिसऱ्यांदा गाळलं. मग पेला भरून लेकीच्या हातात दिला. व्हेरोनिकानं पेला उन्हात धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग अर्धा पेला ती स्वतः प्यायली, आणि उरलेला तिनं मुलीच्या ओठांना लावला.

"पुढच्या मेमधी आमी येतो," ती म्हणाली. "तवा पाय बघ आमचे."

ती आली. मावशीनं आधी नातीचे पाय पाहिले, बोटांच्या बेचक्यांपासून गुडघ्यांपर्यंत, मग लेकीचे. सगळे स्वच्छ. मग आढ्याला खोचलेली, नारू काढायच्या हिरांची जुडी तिनं खाली काढली, तिथंच बसून त्यांचा खराटा बांधला, आणि व्हेरोनिकाला म्हणाली, "घे. अंगन झाडायला ने."