‘नाजूक’ दोनदा लिहिलं, पगार माझा कापला

म्हणजे याही वेळी आमचंच चुकलं, असंच ना? मागच्या वेळी मी गप्प बसलो, आज नाही बसणार.

मित्रांनो, मी वडपे गावातल्या गोडाऊनला खोक्यांची थप्पी लावतो. आधी खोक्यावर सूचना शब्दांत असायच्या. आता कंप्युटर प्रत्येक सूचनेचा आकडा करतो आणि सगळ्यांची बेरीज स्टिकरवर छापतो. ‘नाजूक’चा एक, ‘वर वजन चालेल’चा दोन, ‘भिजवू नका’चा चार. पाच दिसला की समजायचं, माल नाजूक आहे आणि भिजवायचाही नाही.

आज सकाळी काचेच्या बरण्या आल्या. पाठवणाऱ्यानं काळजीपोटी ‘नाजूक’ दोनदा टाकलेलं. कंप्युटरनं एक आणि एक दोन केले. मी दोन बघितला आणि वर साबणाची खोकी रचली. खाली सगळा चुरा.

कंप्युटरवाल्यानं तपासलं आणि सगळ्यांसमोर कबूल केलं, “भावा, तोच शब्द परत आला तर धरायचा नव्हता. मी सरळ बेरीज लावली, माझं चुकलं.” लगेच दुरुस्तही केलं.

तरी सुपरवायझर मलाच म्हणतो, “रखा किसने? तूनेच ना? मग काय मशीनचा पगार कापू?”

सगळे हसले. माझे पंधराशे गेले.

स्टिकरवर होतं तेच मी वाचलं. तुम्हीच सांगा, मी अजून काय बघायला पाहिजे होतं?

आणि ताई, तू ही पोस्ट वाचशीलच, पण आईला वाचून दाखवू नकोस. घरी दर महिन्याला चार हजार टाकतो, आज अडीच हजार टाकतोय.