काकांच्या पाळीत वाढणारं पाणी

राजुरीत आमची आणि काकांची विहीर एकच. चार दिवस पाळी आमची, चार दिवस त्यांची. पाळी लागली की मोटर चालू करायच्या आधी पाणी किती खाली गेलंय ते मोजायचं, ही आमच्या घरची रीत. दोरीला दगड बांधून आत सोडायचा, पाण्याला टेकला की दोरी वर ओढायची आणि दोन्ही हात पसरून मापायची. पसरलेल्या हातांत बसली ती एक परस. पूर्वी दोन्ही घरांसाठी माझे थोरले चुलतेच मोजायचे. ते मागच्या वर्षी गेले, आणि मग ज्याची पाळी त्याने मोजून घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचं ठरलं.

यंदाच्या उन्हाळ्यात मी पुण्याहून घरी आले ती काकांच्या मुलीच्या साखरपुड्याला. रविवारी घोडेगावला कार्यक्रम, आणि घरात बघते तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. आई म्हणाली, आपल्याला बोलावणंच नाही. अगं बाई! सख्खा भाऊ, भिंतीला भिंत लागून घर, आणि बोलावणं नाही?

मोटर फक्त दिवसा चालवायची, असं दोघा भावांचं ठरलेलं. रात्री बिबट्याच्या भीतीने तसंही विहिरीवर कोणी फिरकत नाही. पण वडिलांनी मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवलाय. अंथरुणातून बटण दाबलं की तिकडे मोटर सुरू. काकांनी ग्रुपवरचे आकडे बघितले, आमच्या पाळीत पाणी भसाभसा खाली जातंय हे बघितलं, आणि दादा, म्हणजे माझे वडील, रात्रीची मोटर चालवतात असं धरून चालले. पार बांधावर उभं राहून बोलले म्हणे. वडील त्यावर एकच वाक्य बोलले, "मी पाणी चोरलं न्हाई," आणि तिथून निघून आले. पुढे ना खुलासा, ना भांडण. आमचे वडील म्हणजे एकदा गप्प बसले की देवसुद्धा बोलतं करू शकत नाही.

मी ऑफिसात दिवसभर तक्तेच बघते. तरी ग्रुपवरचे आकडे उतरवून घ्यायला माझा हात धजेना. खरंच निघालं तर? बापाला जाऊन काय विचारायचं? शेवटी कुतूहलाने भीतीवर मात केली. ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले, तारखेप्रमाणे एकाखाली एक ओळी मांडल्या आणि प्रत्येक ओळीतून तिच्या वरची ओळ वजा करायला लावली. पहिल्या ओळीसमोर काहीच आलं नाही, तिच्या आधी कोणी नव्हतंच. बाकी रकाना भरभर भरला. आमच्या पाळीत पाणी खाली, खाली, खाली.

मग लक्ष गेलं काकांच्या पाळीकडे. तिथे प्रत्येक वेळी उणे. म्हणजे काका चार दिवस टोमॅटोला पाणी देतायत आणि विहिरीतलं पाणी वर चढतंय! काकांची मोटर काय विहिरीत पाणी ओतते की काय? झरा कितीही जिवंत असला तरी ऐन उन्हाळ्यात एवढा नाही फुटत. चोर पाणी नेईल, आणून कशाला टाकेल? आता मात्र मला चैन पडेना. एक ओळ सोडून वजा केलं, आमच्या आकड्यातून आमचाच मागचा, काकांच्यातून काकांचाच. तर सगळा गोंधळ गायब. पाणी दोन्हीकडे सारखंच, हळूहळू उतरत चाललेलं.

म्हणजे खोट पाण्यात नव्हतीच, मोजणाऱ्यांत होती. आमचे वडील ताडमाड, आणि काका त्यांच्या खांद्याला लागतात. तेवढ्याच दोरीत काकांच्या परसा जास्त भरायच्या.

मी चुलत बहिणीला फोन केला. ती बिचारी आठवडाभर रडत होती, मोठ्या बाबांशिवाय, म्हणजे माझ्या वडिलांशिवाय, साखरपुडा कसा व्हायचा म्हणून. तिला म्हटलं, शिवणाची टेप घे आणि काकांना हात पसरून उभं कर. इकडे मी वडिलांना उभं केलं. त्यांनी विचारलं, हे काय खूळ. पण हात पसरले. दोघांच्या परसेत चांगला वीतभर फरक निघाला. विहिरीच्या खोलीला तो वाढत वाढत पुरुषभर व्हायला आला. ज्याची ओळ त्याच्या मापाने फुटांत आणली आणि पुन्हा वरची ओळ वजा केली. दोन्ही पाळ्यांत उपसा सारखा. मी ओसरीवरून ओरडले ते परड्यातली आई धावत आली. इतका आनंद मला पगारवाढीचासुद्धा झाला नव्हता.

तक्ता बहिणीच्या फोनवर पाठवला. तिने तो काकांपुढे धरला आणि सगळं समजावलं.

संध्याकाळी काका आले. हातात कुंकवाची वाटी आणि अक्षता, रीतसर बोलावणं करायला. आईने पाट मांडला, वडील मात्र जागचे हलले नाहीत. काका उभ्यानेच म्हणाले, चुकलं दादा, माप आपलं येगळं पडलं.

वडील म्हणाले, "वजाबाकी तुझ्या उलट निघाली म्हणून आलास. माझ्या उलट निघाली असती तर?"

मला तर वाटलं, केलं ते सगळं मातीत गेलं. कारण प्रश्न खरा होता आणि त्याला माझ्या तक्त्यात उत्तर नव्हतं.

काकांनी वाटी खाली ठेवली. "तर भांडायला आलो असतो," ते म्हणाले. "पण आलो असतोच, दादा. पोरीला तुज्या पाया पडल्याबिगर कसं उभं करू?"

वडिलांनी मान खाली घातली, आणि बसल्या जागी सरकून काकांचा पाट आपल्या शेजारी ओढून घेतला.