नादकाटा आणि माझा अंगठा

अक्कानं फोनवर सांगितलं, भाचीला बघायला पाहुणे येणार आहेत, तू ये. शनिवारी लातूरहून एसटीनं नांदेडला पोहोचलो, तर घरात ना पोह्यांचा वास, ना बैठकीत नवी चादर. पाहुणे येणारं घर असं नसतं, हे मला दारातच कळलं. वीस वर्षं कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतोय. पोरांच्या नुसत्या चेहऱ्यावरून कॉपी ओळखतो, तिथं सख्खी बहीण काय लपवणार?

"खरं सांग अक्का, काय भानगड हाय?"

"तुझ्या पायाच्या तपासणीला नंबर लावलाय," अक्का म्हणाली. "सरळ सांगितलं असतं तर आला असतास का?"

नसतो आलो. मला साखर आहे, बरीच वर्षं आहे, गोळ्या घेतो. पाय दुखत नाहीत. न दुखणारा पाय डॉक्टरला कशाला दाखवायचा? पण आमच्या वडिलांचंही काही दुखत नव्हतं. चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर तळव्यात रुतत होता नि त्यांना पत्ता नव्हता. जखम चिघळली, शेवटी गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. अक्काला माझ्याबद्दल तीच धास्ती होती. मला मात्र कमिशनचा वास येत होता.

अक्का मला घेऊन गेली त्या दवाखान्याच्या भिंतीवर साखरेच्या पेशंटांसाठीच्या मऊ चपलांची जाहिरात दिसली आणि माझी खात्रीच पटली. तपासणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींपेक्षा चारदोन वर्षांनी मोठी असेल. तिनं ट्रेमधून काय काढावं? नादकाटा! ध्वनीचा धडा शिकवताना मी टेबलावर आपटतो तो, दोन दातांचा.

"काका, हा वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवते. डोळे मिटा आणि थरथर कळली की सांगा. नसा कमजोर व्हायला लागल्या असतील तर दुखणं सुरू व्हायच्या आधीच यात कळतं."

मी डोळे मिटले. तिनं काटा आपटला, ठक्. "कळली," मी म्हणालो. पुन्हा ठक्. "कळली." तिसऱ्यांदाही मी लगेच उत्तर दिलं.

"काका, या वेळी आपटल्यावर मी तो मुठीत धरून थांबवला होता. थरथर नव्हतीच."

माझे कान तापले. ठक् ऐकून मी उत्तरं ठोकत होतो. जन्मभर कॉप्या पकडणारा मी, त्या पोरीनं मला तिसऱ्याच प्रश्नाला पकडलं. राग आला, तो अर्थातच तिचा आला.

"तुमचा काटाच खराब असेल," मी म्हणालो. "आधी हिच्या पायावर ठेवून दाखवा."

तिनं तो अक्काच्या अंगठ्यावर ठेवला. "अगं बाई, मुंग्या आल्यावानी होऊन राहिलंय! काढ, काढ!" अक्कानं पाय ओढून घेतला. मला वाटलं, या दोघींचं आधीच ठरलेलं असणार. पाहुण्यांची थाप मारणारी बाई मुंग्यांचीही मारू शकते.

"द्या इकडं."

काटा मी स्वतःच गुडघ्यावर आपटला आणि घोट्याच्या हाडावर टेकवला. बारीक थरथर कळली, अगदी स्पष्ट. "बघा! कळतंय की!" मी विजयी मुद्रेनं अक्काकडं पाहिलं. ती हसली नाही.

"आता अंगठ्यावर ठेव," ती म्हणाली.

पुन्हा आपटला. अंगठ्यावर ठेवला. या वेळी डोळे उघडे होते, हात माझा होता, आणि खोटं बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मला भीती वाटली, कधी नव्हे एवढी.

"कळून राहिलं का रे?" अक्कानं विचारलं.

दांडी धरलेल्या माझ्या चिमटीत काटा थरथरत होता. अंगठ्यात काहीच नव्हतं.